पालकांच्या ग्रुपमधला एक बाप

सोलच्या पूर्वेला, वनजू शहराच्या बाहेर, नदीकाठच्या सपाट जागेवर मोटार शिकवण्याची एक शाळा आहे. प्यो यंगरान तिथे अनेक वर्षे शिकवते. नवऱ्यामागे तिने याच नोकरीवर घर चालवले आणि एकुलत्या मुलाला, ग्युहोला, वाढवले. शिकाऊ माणसाशेजारी बसून तासन् तास संयम राखणे हे ज्यांना जमते, त्यांच्या स्वभावात एक प्रकारचा निश्चय आपोआप मुरतो. यंगरानच्या बाबतीत तो आवाजातही उतरला होता. "माझ्याकडेही ब्रेक आहे म्हणून घाबरू नका," ती नव्या शिकाऊंना सांगे, "आणि माझ्याकडे ब्रेक आहे म्हणून झोपूही नका." 

ग्युहो सक्तीच्या सैन्यसेवेसाठी इंजेच्या डोंगरातल्या छावणीत गेला, तेव्हा त्याच्या तुकडीच्या प्रमुखाने पालकांचा एक ग्रुप केला. रविवारच्या जेवणाचे, बर्फ उपसणाऱ्या मुलांचे फोटो तो त्यावर टाकी आणि खाली पालकांच्या आभारांची रांग लागे. या ग्रुपवर कोणाला स्वतःचे नाव नव्हते. आमच्याकडे मूल झाले की आईबापांची नावे मागे पडतात. शेजारी, दुकानदार, कधी कधी नवरासुद्धा मुलाच्या नावानेच हाक मारतो. यंगरान तिथे ग्युहोची आई होती. जेमिनचे बाबा होते, जिहुनची आई होती. हे सर्वांना इतके स्वाभाविक वाटत होते, की त्यापलीकडे कोणी कोणाला काही विचारले नाही.

त्या हिवाळ्यात सरावाच्या तंबूत शेगडीचा धूर कोंडून उनचान नावाचा मुलगा गेला. ग्युहोचा तो जवळचा मित्र. सैन्याने अपघात म्हणून प्रकरण मिटवायला घेतले. शेगडी बिघडल्याची तक्रार आधीच झाली होती, असे मुले घरी सांगत होती. पण ते कागदावर कुठेच येत नव्हते. तेव्हा पालकांनी दुसरा ग्रुप उघडला, ज्यात अधिकारी नव्हते. उनचानची आई तिथे फारसे लिहीत नसे. सकाळी एखादे वाक्य टाकी, "आज पुन्हा सोलला संरक्षण मंत्रालयाच्या दारात जाऊन बसते," आणि मग ज्यांना जमेल ते तिच्याशेजारी जाऊन बसत.

या ग्रुपवर सर्वांत आधाराचा माणूस ठरला तो सुंगबिनचा बाप. तो मोजके आणि समजूतदार लिही. वकील कोणता पाहिला, वर्तमानपत्राशी कोण बोलते आहे, कोणाच्या मुलावर दबाव येतो आहे, अशी कामाची विचारणा करी. एखादी आई खचली तर तिला धीर देई. "माणूस असावा तर असा," जिहुनची आई एकदा फोनवर यंगरानला म्हणाली होती.

मग एके दिवशी जेमिनच्या बाबांनी ग्रुपवर लिहिले, की उद्या एका वार्ताहराला भेटतो आहे. भेट झाली, आणि लगेच छावणीत जेमिनला बोलावून कोणीतरी हसत विचारले, वडिलांची भेट कशी झाली. बातमी परत आली तेव्हा ग्रुपवर दिवसभर कोणी काही लिहिले नाही. आपल्यातलेच कोणीतरी फितूर आहे हे उघड होते, आणि संशयाला घर शोधायला वेळ लागत नाही. जिहुनच्या आईचा भाऊ सैन्यातून निवृत्त झालेला. कोणीतरी टोमणा मारला, दुसऱ्याने तो उचलला, यंगराननेही लिहिले, "ज्यांच्या माहेरी वर्दी टांगलेली आहे, त्यांनी जपून बोलावं." जिहुनची आई एक अक्षर न लिहिता ग्रुप सोडून गेली.

त्यानंतर यंगरानला स्वतःत एक बदल जाणवू लागला. ती वाक्य लिही, पुसे, पुन्हा लिही. शेवटी जे उरे त्यात राग नसे, प्रश्न नसे, नुसते बरे असल्याचे वर्तमान असे. इतरांचेही तेच झाले होते. जनरलांच्या राजवटीत तिचे वडील टॅक्सीत बसले की फक्त हवापाण्यावर बोलत. ती सवय आपल्या पिढीने मोडली असे ती समजत होती. कान लावून बसणाऱ्याला आपली गुपिते मिळतात हे नुकसान तुलनेने लहान. मोठे नुकसान हे, की तो ऐकतो आहे या नुसत्या शंकेने माणूस आपले वाक्य स्वतःच कापू लागतो, आणि कापणारा हात कोणाचा हे त्याला कळेनासे होते. तिकडे मंत्रालयाच्या दारात उनचानच्या आईशेजारची माणसे कमी होत गेली. शेवटी ती एकटीच बसू लागली.

वसंतात भेटीचा रविवार आला. यंगरान तळलेली कोंबडी आणि समुद्रशेवाळात गुंडाळलेल्या भाताचे किंबाप घेऊन छावणीत गेली. ग्युहोची सेवा संपत आली होती. भेटीच्या खोलीत तो अधाशासारखा खात होता आणि ती बोलता बोलता म्हणाली, की तुमच्या सुंगबिनचे बाबा मात्र फार सज्जन.

"कोणाचे बाबा?"

"सुंगबिनचे. ग्रुपवर असतात."

ग्युहोने हाड खाली ठेवले. "आई, सुंगबिन शाळेत होता तेव्हाच त्याचे बाबा गेले. आजीनं वाढवलंय त्याला. तिच्याकडे बटणांचा फोन आहे, तोसुद्धा तिला नीट लागत नाही."

कोणीतरी तुकडीतल्या मुलांची नावे पाहिली होती, ज्याच्या घरचे कोणी ग्रुपवर नव्हते असा मुलगा निवडला होता, आणि त्याच्या मेलेल्या बापाच्या जागी जाऊन बसले होते. दारावर कोणी अडवले नाही, कारण मुलाचे नाव हीच तिथली ओळख होती.

ग्युहो हळू आवाजात म्हणाला, "हे कोणाला सांगू नकोस. माझी सुटी तोंडावर आलीय, आणि मग सेवाच संपतेय. हे लोक काहीही करू शकतात."

"उनचानच्या आईलाही नको सांगू?"

त्याने तिच्याकडे पाहिले नाही. "तिलाही नको."

परतीच्या वाटेवर तिने मुलाचे म्हणणे प्रामाणिकपणे तोलून पाहिले. तो भित्रा नव्हता. तो त्यांच्या हातात होता, आणि ती नव्हती. बोलायचे तर किंमत त्याने मोजायची होती. पण गप्प राहायचे तर एक आई त्या दारात एकटी बसणार होती आणि दुसरी, निर्दोष असून, फितूर म्हणून जगणार होती. सैन्याने नागरिकांवर पाळत ठेवू नये असा कायदा या देशात आहे. तो ज्यांनी मिळवला, त्यांनाही मुले होतीच.

खात्री करून घेण्यासाठी तिने ग्रुपवर विचारले, की पुन्हा भेटीला जाईन तेव्हा सुंगबिनसाठी काय नेऊ. उत्तर नेहमीसारखेच सौजन्याचे आले: आपण त्रास घेऊ नये, मी स्वतःच लेकाला भेटायला जाणार आहे.

तिने प्रथम जिहुनच्या आईला फोन केला. काय कळले ते सांगितले आणि क्षमा मागितली. मग ती बाई म्हणाली, "वर्दीवालं माहेर म्हणालात, ते मी विसरणार नाही, ग्युहोच्या आई. पण ग्रुपवर परत घ्या मला. त्या माणसाला मी माझ्या थोरल्या सुनेच्या बाळंतपणाचं सांगितलं होतं हो."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत यंगरानने लिहिले, आणि या वेळी काही पुसले नाही.

"मी प्यो यंगरान. वनजूला मोटार शिकवते. माझा मुलगा तुकडीत आहे आणि त्यानं मला हे लिहू नको असं सांगितलंय. सुंगबिनला वडील नाहीत. जे इथं त्याचे वडील म्हणून लिहितात, त्यांना मी एवढंच सांगते, की मी उद्या मंत्रालयाच्या दारात बसणार आहे, वार्ताहराशी बोलणार आहे आणि वकिलाकडं जाणार आहे. हे चोरून वाचायची गरज नाही. बाकीच्यांना विनंती, की जमेल त्यांनी आपलं स्वतःचं नाव इथं लिहावं."

आधी काही झाले नाही. ती मैदानात परतली आणि एका घाबरट निवृत्त शिक्षकाला उलटी गाडी लावायला शिकवू लागली. तास संपल्यावर पाहिले, तर खाली नावे आली होती: पोस्टातला कारकून, समुद्रशेवाळ विकणारी बाई, दातांचा डॉक्टर. इतके महिने एकमेकांचे अश्रू पाहिलेली माणसे पहिल्यांदा ओळख करून देत होती. एकाने विचारले, "दातांचे डॉक्टर आहात हे आधी सांगितलं असतंत, तर माझी दाढ वाचली असती ना?" काहींनी नाव लिहिले नाही, आणि त्यांना कोणी बोल लावला नाही. सुंगबिनचा बाप तेवढा निघून गेला होता.

त्या आठवड्यात एक माणूस मोटार शाळेत आला. साधे कपडे, चकचकीत बूट. तो फार आदराने बोलला. "आईसाहेब, ग्युहो गुणी मुलगा आहे. थोडेच दिवस राहिलेत. बाहेरचे लोक तुमच्या दुःखाचा फायदा घेतायत, एवढीच काळजी वाटते."

"तुमचं नाव?"

"मला हितचिंतक समजा."

"हितचिंतकाला आडनाव असतं," यंगरान म्हणाली. "कार्यालयात पाणी गरम आहे, कॉफी घ्या. नाव आणि हुद्दा सांगितलात तर बसून बोलू. नाहीतर माझा विद्यार्थी थांबलाय, आणि तो एकटा असला की गाडी सुरू करून बघतो."

त्याने नाव सांगितले नाही. कॉफीही घेतली नाही.

ग्युहोची सुटी रद्द झाली. संध्याकाळी मुलांना फोन मिळतात तेव्हा त्याने ते कळवले आणि आवाजात राग होता. "मी सांगितलं होतं, आई." तिने कारणे दिली नाहीत. तुझ्या वाट्याला हे माझ्यामुळे आले, हे मला मान्य आहे, एवढेच ती म्हणाली. त्याने फोन ठेवला, आणि पुढे काही आठवडे केलाच नाही. लोकांना ती ठाम दिसत होती, आणि होतीही. पण त्या दिवसांत शिकाऊंच्या चुका तिला एरवीपेक्षा उशिरा दिसत. मंत्रालयाच्या दारातली रांग मात्र पुन्हा भरली. जिहुनची आई घडीच्या खुर्च्या आणी आणि यंगरानला मुद्दाम डुगडुगणारी देई. उनचानच्या मृत्यूची आणि ग्रुपवरच्या पाळतीची तक्रार पालकांच्या वतीने मानवी हक्क आयोगाकडे गेली. सैन्याने आधी नाकारले, मग असा कोणी माणूस असल्यास तो स्वतःच्या मर्जीने वागला असे म्हटले. चौकशी सुरू झाली. तिचा निकाल लागायचा आहे.

सेवा संपली त्या सकाळी यंगरान छावणीच्या फाटकाशी गाडी घेऊन उभी होती. ग्युहो बाहेर आला, पिशवी मागच्या आसनावर टाकली आणि पुढे येऊन बसला. बराच रस्ता तो डोंगराकडे बघत राहिला. शेवटच्या आठवड्यात चौकशीची माणसे छावणीत आली होती, असे त्याने मग सांगितले. शेगडीबद्दल कोणाला काही माहीत आहे का, असे सर्वांसमोर विचारले गेले.

"मग?"

"सुंगबिन उठला. मग मी."

शेगडीची तक्रार कोणी केली होती, कोणाकडे केली होती, हे त्याने तिला सविस्तर सांगितले. जणू पुन्हा साक्ष देत होता. वनजूचा फाटा आला तेव्हा तिने वळण्याचा दिवा लावला.

"घरी नको," ग्युहो म्हणाला. "आज वार कोणता? उनचानची आई बसली असेल ना तिथं?"

"रोज बसते."

"मग तिकडे चल. हे तिला माझ्या तोंडून कळायला हवं."

यंगरानने दिवा बंद केला आणि गाडी सोलच्या रस्त्याला सरळ जाऊ दिली.