सशाला कोशाची अळी कशी ठाऊक?

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. अंगणात ससा, माठाशेजारी बर्फाचा थर्मास आणि जेवताना गप्पा अळीच्या ग्रंथींच्या, एवढं असलं की ते आपोआप साचतात. लग्न होऊन मी भंडाऱ्याला आले तेव्हा फारशी बोलत नसे. बोलायची गरजच पडली नाही. सगळं माझ्यापुढेच घडत होतं!

*

आमचे हे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि विभागप्रमुख सरांच्या हाताखाली संशोधन करत. विषय कोशाच्या अळीचा. अळी रेशमाचा कोसा विणते आणि विणून झाला की तिची रेशीमग्रंथी आतल्या आत विरघळून जाते. प्रोटीन तोडणारं एक एंझाइम हे काम करतं, असा सरांचा संशय. तो त्यांनी उभी नोकरी सांभाळला होता.

ते एंझाइम सशाला टोचायचं. मग सशाच्या रक्तात जी अँटिबॉडी तयार होते, ती अळीच्या पेशींमध्ये नेमकं तेवढंच एंझाइम हुडकून काढते.

"सूनबाई," सर मला म्हणाले, "सशानं जन्मात कोशाची अळी पाहिली नाही. पण त्याचं रक्त तिला ओळखणार!"

मी कणीक मळायची थांबले.

*

कॉलेजच्या पिंजऱ्यावर मांजरं टपून असत, म्हणून ससा आमच्या अंगणात आला. सासूबाई अड्याळच्या, धानाच्या शेतकऱ्याच्या घरच्या. मुलाला सशाच्या कानातून रक्त काढताना पाहिलं आणि त्या कडाडल्या, "काहून गा, त्या मुक्या जिवाचं रगत काहून काढून राहिला?"

ह्यांनी समजावलं. आईंनी ऐकलं, आत गेल्या आणि बाळंतिणीसाठी करतात तसे डिंकाचे लाडू वळायला बसल्या.

सशाने लाडू हुंगलासुद्धा नाही. सगळे ह्यांनी खाल्ले.

"रगत त्याचं गेलं, अन् वजन याचं वाढून राहिलं!" आई म्हणाल्या.

*

अँटिबॉडी थंड ठेवली नाही तर नासते आणि आमच्या गल्लीत वीज लहरी. जवाहरनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये ह्यांच्या मित्राचा फ्रीज होता, तिथे अँटिबॉडी पोचवायची जबाबदारी माझी. बसमध्ये उभ्याने जायची गर्दी. नवी नवरी बघून एका बाईने सरकून जागा दिली.

"माहेरी चालली का व? थर्मासात काय हाय, चहा?"

"नाही. सशाचं रक्त आहे."

पुढचा सगळा प्रवास ते बाकडं माझं एकटीचं होतं!

*

मग पहिली चाचणी. दोन स्लाइडींवर अळीच्या त्याच पेशी. एकीवर अँटिबॉडी घालायची, दुसरीवर एंझाइम टोचण्याआधी काढलेलं त्याच सशाचं साधं रक्तद्रव. एंझाइम असेल तिथे तपकिरी रंग येतो. साधं रक्तद्रव घातलेली स्लाइड मात्र कोरीच राहायला हवी.

पहिली स्लाइड तपकिरी झाली. हे नाचतच पेढे घेऊन आले. सरांनी पेढा हातात धरला आणि विचारलं, "दुसरी?"

दुसरी तिच्याहून तपकिरी!

पेशींमधलं भलतंच काहीतरी रंग धरत होतं. ते आधी मारायचं औषध घालायला हे उत्साहात विसरले होते.

"दोन्हीत दिसलं म्हणजे काहीच दिसलं नाही," सर म्हणाले आणि पेढा परत खोक्यात ठेवला.

*

त्या उन्हाळ्यात ससा गेला. भंडाऱ्याचं ऊन, ओली पोती लावूनही उपयोग झाला नाही. आई त्या दिवशी जेवल्या नाहीत. अँटिबॉडी उरली होती ती एका चाचणीपुरती. पावसाळ्यापूर्वी सर निवृत्त होणार होते आणि कॉलेजचे नवे प्राचार्य प्रयोगाची खोली वर्गासाठी मागत होते.

*

शेवटच्या चाचणीला ह्यांनी औषध घातलं की नाही, हे सरांनी इतक्यांदा विचारलं की ह्यांनी औषधाची बाटलीच त्यांच्या हातात दिली. स्लाइडी तयार झाल्या आणि सर मायक्रोस्कोपवर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"मला सगळं धुरकट दिसतंय," ते हळूच म्हणाले. मोतीबिंदू पिकायची वाट बघायला डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

हे पुढे झाले. सरांनी त्यांना दाराबाहेर काढलं. "तू मला खूश करायला काहीही सांगशील. सूनबाई, तू ये."

मी डबा द्यायला आले होते. पदर खोचून स्टुलावर बसले. कोणती स्लाइड कोणती, ते फक्त सरांना ठाऊक.

"मोठाल्या पेशी आहेत, सर. त्यांच्यात तपकिरी दाणे. फोडणीतली मोहरी पांगावी तसे."

"पेशीच्या बाहेर, की आत?"

"आत. सगळे आत."

सरांनी स्लाइड बदलली. मी बघितलं. सरांनी सांगितलं तसं चाक फिरवलं, स्लाइड सरकवली, या कडेपासून त्या कडेपर्यंत गेले. माझ्या मानेशी सरांचा श्वास ऐकू येत होता.

"एखादा तरी ठिपका, सूनबाई? नीट बघ."

"नाही, सर. पेशी आहेत, पण रंग कुठेच नाही."

सरांनी चाचपडत भिंत धरली. मग त्यांनी आख्ख्या कॉलेजला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली,

"ये रे आत! सूनबाईला काहीच दिसलं नाही!"