उभ्यानं चालणारा रंधा

चुडावा गावात सिताराम मिस्त्रीच्या हातापेक्षा त्याच्या पायाचं कौतुक जास्त. गडी जमिनीवर बसणार, एक गुडघा वर, एक आडवा, आणि फळी उजव्या पायाच्या अंगठ्याखाली अशी दाबून धरणार की ती ओढून काढायला दोघं लागावेत. तरुणपणी पूर्णेच्या एका उस्तादाकडं तो सुतारकी शिकला होता. उस्तादानं रंधा हातात द्यायच्या आधी त्याला पाय पुढं करायला लावला. "पाँव बी हाथ हैच, उसकू काम सिखा," असं म्हणून वर एक टपली दिली. सितारामनं पायाला काम असं शिकवलं की गावातल्या निम्म्या चौकटी, देवळाचं नाही पण शाळेचं फाटक, आणि न मोडणारे कितीतरी पलंग त्या अंगठ्याखालून गेले.

म्हणून वस्तीनं वर्गणी काढून नवीन बुद्धविहार बांधायला घेतला तेव्हा भर बैठकीत सिताराम उठला आणि म्हणाला, "दार मपलं, म्याच करणार. लाकूड बी मपलं, हात बी मपले." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं चांगलं जुनं सागवान आणून घराच्या बोळीत वाळत लावलं. येता-जाता त्यावर बोटानं टकटक करून आवाज ऐकायचा, कुणी बघतंय का याची पर्वा न करता.

आणि ज्या पायानं पोट भरलं त्याच पायानं दगा दिला. उभा जन्म जमिनीवर बसून काढल्यावर उजवा गुडघा पार झिजला होता. नांदेडला नवीन गुडघा बसवला. ऑपरेशन झकास झालं, पुढं काही आठवड्यांत काठीसुद्धा सुटली. पण डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, "काका, चाला, फिरा, मजा करा. फक्त खाली बसायचं नाही. मांडी नाही, उकिडवं नाही. कधीच नाही."

सितारामनं शहाण्यासारखी मान डोलावली. गाडीत बसल्यावर बायकोला, सगुणाबाईला, हळूच विचारलं, "मंग म्या काम कसं करावं?"

"आधी घरी तर चला," सगुणाबाई म्हणाली.

घरी भेटायला येणारे केळी आणायचे आणि जाताना एकच सांगायचे, आता आराम करा. आराम हा शब्द सितारामला शिवीसारखा लागायला लागला. त्यात पोटचा पोरगा पप्पू, ज्याचं स्टेशनाच्या रस्त्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, तोही त्यातलाच. "दादा, बास झालं आता. लोक म्हणतील, पप्पू बापाला म्हातारपणी रंधा मारायला लावायलाय." पोरगा वाईट नव्हता. पण लोक काय म्हणतील याचा हिशोब त्याच्या डोक्यात अष्टौप्रहर चालू असायचा.

मग विहार समितीचे अध्यक्ष बन्सीधर आले. माणूस मऊ बोलणारा. चहा झाल्यावर म्हणाले, "सितारामदादा, बुद्धपौर्णिमेला उद्घाटन हाय. तुमची तब्येत पयली. तवर न्हाई जमलं तर नांदेडहून रेडीमेड दार आणू. वाईट वाटून घिऊ नका." आणि संध्याकाळी समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दारांचे फोटो पडायला लागले. एकाला सोनेरी वेलबुट्टी, एकाला सिंहाच्या तोंडाची कडी. सितारामनं ते चष्मा लावून बघितलं. "हे दार हाय का मिठाईचा डबा?" तो म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून पडला.

तो चिडला नव्हता, घाबरला होता. विहाराला विकतचं दार लागलं की गावाच्या लेखी सिताराम मिस्त्री संपला. गावाचं एक वेळ सोडा, मग स्वतःच्या लेखी तरी काय उरणार होतं?

वाट दाखवली सुनेनं. सुकेशनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिनं एका दुपारी मोबाईल सासऱ्यापुढं धरला. "मामा, हे बगा. हा बाबा उभ्यानंच करायलाय." कुठल्या तरी परमुलखातला एक गोरा माणूस गाडीच्या खोलीत उंच, दणकट टेबलापुढं उभा राहून फळी रंधत होता. मागच्या भिंतीवर हत्यारं टांगलेली. सितारामनं ते चार वेळा बघितलं. टेबलाला पुढून फळी आवळून धरायचा एक लोखंडी शिकंजा होता, वर भोकं होती, भोकांत खुंट्या होत्या. "हे काय नखरे?" तो म्हणाला. "पायात जोर न्हाई म्हणून लागत आसंल त्याला." पण टेबल मात्र डोळ्यांत भरलं.

आता गाडीची खोली त्यांच्या घरालाही होती. पप्पूनं जुनी का होईना, गाडी घेतली होती आणि तिच्यासाठी शटरची खोली बांधली होती. तिला तो गॅरेज म्हणायचा आणि आत चपला काढून जायचा. बापाला तिथं टेबल ठोकायचंय हे ऐकून त्याचा चेहरा पडला. "मंग गाडी कुठं लावू? उन्हात?"

"गाडी पत्र्याची हाय, ऊन सोसंल," सुकेशनी म्हणाली. "मामा बसून ऱ्हायलेले मला सोसंनात." पप्पूनं किल्ली घेतली. गाडी लिंबाखाली गेली आणि पहिल्याच दिवशी कावळ्यांनी तिचा समाचार घेतला.

पूर्णेच्या लाकडाच्या अड्ड्यावर रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर पडून होते. सितारामनं तेच आणले. ज्या लाकडावरून आगगाड्या गेल्या ते रंध्याला काय भीक घालणार! वरचे काळे तेलकट पापुद्रे निघता निघता रंध्याचं पातं दहादा बोथट झालं. बरं, टेबल करायला टेबल हवं, आणि तेच तर नव्हतं. आधी तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर लाकूड टाकून छिन्नी चालवायला गेला. भुसा वरणात पडला तशी सगुणाबाईनं त्याला लाटणं उगारून बाहेर काढलं. मग त्यानं स्वतःच केलेला पलंग गॅरेजात ओढला, गादी काढली आणि वर स्लीपर चढवून कापले. त्याला उभं राहून वाकावं लागायचं, पाठ धरायची. पण पलंग तसूभर हलला नाही, आणि याचा त्याला मनातून फार अभिमान वाटला.

उंची किती घ्यायची हा प्रश्न आला तेव्हा त्यानं सरळ ओट्याचं माप घेतलं. घरात उभ्यानं काम होतं ते तेवढ्या एका जागी.

टेबल उभं राहिलं. खरंच देखणं, हत्ती बांधावा असं. घरचे जमले, शेजारच्या दोन बायका आल्या, बन्सीधरही कुणाकडून तरी ऐकून आले. सितारामनं सागवानाची एक फळी वर ठेवली, रंधा घेतला, दम भरला आणि पहिला हात मारला.

फळी सुसाट निघाली ती समोरच्या शटरवर जाऊन आदळली. आवाज असा झाला की रस्त्यावरची कुत्री भुंकायला लागली.

कुणी हसलं नाही, आणि ते जास्त लागलं. सितारामनं खाली बघितलं. चपलेच्या आत त्याचा उजवा अंगठा वाकला होता. फळी दाबायला. फळी कंबरेएवढ्या उंचीवर आणि अंगठा बिचारा जमिनीवर तिला शोधतोय! उभा जन्म रंधा हातानं मारला असं तो समजत होता. निम्मं काम पाय करत होता, आणि त्या पायाला नव्या टेबलावर जागाच ठेवली नव्हती.

"होतं असं," बन्सीधर म्हणाले आणि घड्याळ बघून निघाले. संध्याकाळी ग्रुपवर त्यांनी विचारलं, सिंहाच्या कडीचं दार सगळ्यांना पसंत आहे का. चार जणांनी पसंतीचे अंगठे टाकले. सिताराम दोन दिवस गॅरेजकडं फिरकला नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर अंगणही त्यानंच केलेलं.

तिसऱ्या दिवशी मात्र तो शटर वर करून खुर्ची टाकून आत बसला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. त्यानं चप्पल काढली आणि तो उजव्या पायाकडं, एखाद्या गड्याची झडती घ्यावी तसं, बघायला लागला. हा काय काय करत होता? फळी पुढं सरकू देत नव्हता. ती हवी तशी, आडवी किंवा उभी, धरत होता. वरून दाबत होता. आणि हात थांबला की सोडत होता. म्हणजे ही चार कामं होती, आणि एक पाय ती न सांगता करत होता. आता चार कामांना चार गडी नेमायचे. त्या गोऱ्या माणसाच्या खुंट्या आणि शिकंजा त्याला आठवला आणि तो एकटाच मोठ्यानं हसला. "माफ कर रे बाबा," तो म्हणाला, "नखरे न्हाईत ते. पाय हाय तुझा."

सगुणाबाई चहा घेऊन आली तेव्हा तो टेबलावर वाकून, मधूनमधून पाठ दाबत, भोकांच्या खुणा करत होता. "अवो, हे टेबल ओट्याएवढं काहून केलं?"

"मंग केवढं करू?"

"ओटा माज्या उंचीचा हाय. गवंड्याला तुमीच सांगितलं होतं, हिच्या कोपराच्या हिशोबानं कर म्हणून. तुमी ताडासारखे, माज्या ओट्यावर वाकायलाव!" ती पदर तोंडाला लावून हसली आणि सितारामलाही हसू आवरेना. टेबलापाशीही पाठ का धरत होती ते कळलं. टेबलाच्या पायांखाली स्लीपरचेच ठोकळे बसले.

खुंट्या झाल्या. वरून दाबायला पाचर झाली. अडलं शिकंज्यापाशी. लाकडी जबडा त्याला करता येत होता, पण तो आवळायला जाड आट्यांचा लोखंडी दांडा पाहिजे होता. तसा दांडा कुठं मिळावा या विचारात तो दारात उभा असताना पप्पू लिंबाखालच्या गाडीकडं गेला, डिक्की उघडली आणि हातात जॅक घेऊन आला. टायर बदलताना गाडी उचलायचा तो जॅक. "दादा, ह्याचा दांडा चालंल का?"

सितारामनं बोटानं दांड्याचे आटे चाचपले. "आन् पंक्चर झालं तर?"

"झालं तर ढकलू," पप्पू म्हणाला. मग जॅक बापाच्या हातात देत, "शटरवर फळी आदळली ना, तवा मला लय वाईट वाटलं दादा. माझं म्हणणं खरं व्हावं आसं मला वाटत नव्हतं." बापानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. दोघांनी मिळून जॅक खोलला, दांडा काढला, आणि त्या दिवशी पप्पू दुकानात गेलाच नाही. लोक काय म्हणतील हे त्याच्या मनातही आलं नाही.

हत्यारांची जागाही ठरली. जमिनीवर बसायचा तेव्हा रंधा उजव्या हाताला, पटाशा त्याच्या पलीकडं, करवत डावीकडं, अशी त्याची मांडणी असायची. न बघता हात बरोबर पडायचा. तीच मांडणी त्यानं उचलून भिंतीवर टांगली, त्याच क्रमानं, खांद्याच्या उंचीवर.

या खेपेला त्यानं कुणाला बोलावलं नाही. फळी शिकंज्यात धरली, दांडा फिरवला, रंधा लावला. पात्यातून सागवानाची एक अखंड, पातळ साल सळसळत निघाली आणि वेटोळं होऊन त्याच्या मनगटावर पडली. दुसरी निघाली. तिसरी. फळी जागची हलली नाही. सितारामचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसलेही नाहीत, दोन्ही हात कामात होते. आवाज ऐकून सगुणाबाई, सुकेशनी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यानं मागं न बघताच सांगितलं, "ग्रुपवर टाक पोरी. म्हणावं, सिंहाला नांदेडातच ऱ्हाऊ द्या."

सुकेशनीनं फोटो टाकला, सालींच्या ढिगाऱ्यात उभ्या सासऱ्याचा. सगळ्यांत आधी अंगठा बन्सीधरांचा आला.

पुढचे दिवस गॅरेजात नुसती धामधूम. सुट्टी लागलेली सुकेशनी दुसरं टोक धरायला असायची. दाराच्या मधोमध त्यानं पिंपळाचं एक पान कोरलं, साधं, बाकी कसली वेलबुट्टी नाही. तो आता कामात गाणं गुणगुणायला लागला होता. संध्याकाळी पाठही धरत नव्हती.

पौर्णिमेच्या सकाळी पप्पूनं आणि वस्तीतल्या पोरांनी दार खांद्यावर नेलं. सितारामनं बिजागऱ्या स्वतः बसवल्या, उभ्यानं. मग तो बाजूला झाला. बन्सीधरांनी पांढऱ्या सदऱ्याची बाही मागं सारली आणि एका बोटानं दार ढकललं. ते आवाज न करता फिरलं आणि चौकटीत असं बसलं की उजेडाची रेघसुद्धा दिसेना. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. लहान पोरासारखे ते उघडझाप करत राहिले. "सितारामदादा," ते म्हणाले, "चुकलं मपलं. दाराचं म्या दुसऱ्याकडं बघायलाच नको होतं."

लोक आत गेले. वंदनेसाठी सगळे खाली सतरंजीवर बसले. पुढच्या रांगेत सगुणाबाई, तिच्या मागं पप्पू आणि सुकेशनी. सिताराम एकटा दारापाशी उभा राहिला. बन्सीधरांच्या ते लक्षात आलं. वंदना थांबवून त्यांनी घाईनं प्लास्टिकची खुर्ची आणवली. "दादा, या, बसा."

सितारामनं खुर्चीकडं बघितलं, मग खाली बसलेल्या साऱ्या वस्तीकडं. त्याला अजिबात वाईट वाटत नव्हतं. त्यानं चपला बाहेर काढल्या होत्या आणि उघडा उजवा पाय नव्या फरशीवर निवांत टेकला होता.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, "मला उभं ऱ्हाता येतंय." आणि त्यानं उभ्यानंच हात जोडले.