आईच्या जन्माचा दगड

माझी आई जन्मली वाटेवर. आजीच्या घरचे लोक उन्हाळ्यात मेंढरं घेऊन दक्षिणेला उतरायचे. अशाच एका फेरीत, रानातल्या एका मोठ्या दगडाच्या सावलीत, आई झाली. तो दगड कुठला, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. गुडघे पार थकायच्या आत ती जागा एकदा बघायची, एवढंच आईचं मागणं होतं. तिनं माझ्याकडं दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मामा म्हणायचे, बीदरकडच्याच चिटगुप्प्याजवळचा माळ असणार. मला ते पटेना. आजीनं केलेलं वर्णन आईला तोंडपाठ होतं: हत्तीएवढे गोल दगड, एकावर एक, गुलाबीसर, आणि उन्हात त्यांच्यात खडीसाखरेसारखे कण चमकतात. आमच्या बीदरकडं असा दगड आहेच कुठं? वर तांबडा जांभा, खाली काळा दगड. काळ्याला भिंग लावलं तरी दाणा काही दिसत नाही.

मी बीदरजवळच्या कोळारच्या एका कारखान्यात गोदाम सांभाळतो. दगडांशी माझं काही देणंघेणं नाही. पण हे दाण्याचं काय गौडबंगाल आहे ते कळेपर्यंत मला चैन पडेना, आणि मी मोबाईलवर वाचत सुटलो.

"भाकर गार व्हायलीय. दगडं कामून बघत बसलाव?" बायको म्हणाली.

वाचता वाचता उलगडा झाला. आमचा काळा दगड म्हणजे जमिनीवर पसरलेला लाव्हा. उघड्यावर झटकन थिजला, त्याला दाणा धरायला वेळच मिळाला नाही. आजीच्या वर्णनातला दगड म्हणजे ग्रॅनाइट, त्याचं तसं नाही. तो कित्येक मैल खोल, वितळलेल्या खडकातून सावकाश निवत गेला, म्हणून त्याचा दाणा ठसठशीत. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी, झाडं नव्हती, जनावरं नव्हती, तेव्हा दक्षिणेतल्या जमिनीचा हा पाया घट्ट झाला. मग वरचा खडक झिजत गेला आणि पाया उघडा पडला. तो आमच्याही पायाखाली आहे, फक्त वर लाव्ह्याची गोधडी आहे. म्हणजे ही गोधडी संपते तिथं आईचा दगड. मला इतका आनंद झाला की मी लगेच मामांना फोन लावला.

"दगडाला इचारून सांगायलास व्हय?" मामा म्हणाले.

एका रविवारी गाडी करून मी आणि आई निघालो. कलबुर्गीपर्यंत काळं रान. शहाबादकडं फरशीच्या खाणी लागल्या. ही फरशी म्हणजे जुन्या समुद्राचा गाळ, असं मी आईला सांगितलं. यादगीर जवळ आलं तसा मातीचा काळा रंग फिका होत गेला, आणि एका वळणावर ते दिसलेच. माळभर गोल, गुलाबी दगड, एकावर एक.

आई उतरली, हळूहळू चालत एका दगडापाशी गेली आणि तिनं त्यावर हात ठेवला. माझं तोंड सुरूच होतं. हा गुलाबी दाणा, हा काचेसारखा, हा काळा अभ्रकाचा.

"यातला नेमका कुठला, ते कळायचं न्हाई, माय," मी म्हणालो. "पण खालून समदा खडक एकच हाय."

तिचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. ती माळाच्या चारी बाजूंना बघत होती.

"हितं पाणी कुठंय?" तिनं विचारलं.

मी पाहिलं. विहीर नाही, ओढा नाही, झाडसुद्धा नाही.

"जवळ तर दिसंना."

"बाप्ये मेंढरामागं पुढं गेलते म्हणं. माझ्या मायपाशी कुणीच नव्हतं." आई दगडाला टेकून खाली बसली. "मी आपली माझीच जागा हुडकायलते. तिचं कसं झालं आसल, कधी इचारलंच न्हाई."

मी पाण्याची बाटली पुढं केली. तिनं एक घोटही घेतला नाही. सगळं पाणी दगडाच्या बुडाशी, सावलीत, ओतलं.