सीझन संपला की जातो

वहिनींचा फोन आला तेव्हा सोमवारची सकाळ होती. सव्वासात झाले असतील. "भाऊजी, हे उठूनच नाही राहिले," त्या म्हणाल्या. आणि मी, आज लिहायलाही लाज वाटते, त्यांच्यावरच चिडलो. म्हणालो, "आधी तो टीव्ही बंद करा, आपोआप उठेल." सोमवारी सकाळी यशवंत मेश्राम टीव्हीसमोरून उठत नाही, हे गेले पाच महिने आमच्या गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. दूधवाला यायचा, पेपर यायचा, नळ येऊन जायचा… हा आपला खुर्चीत. वहिनींच्या मागे टीव्हीवर हजारो माणसं परक्या मुलखात ओरडत होती, एक समालोचक घाईघाईने काही सांगत होता. मग त्यांचा हुंदका आला, आणि तेव्हा मला कळलं की मी किती मूर्खासारखं बोललो ते.

मेश्राम पवनीच्या आमच्या शाळेत तीस वर्षं पीटी शिकवत होता आणि त्याच शाळेचं ग्रंथालय माझ्याकडे होतं. त्याच्या मैदानावरचा आरडाओरडा माझ्या खिडकीतून आत येई, आणि माझ्या ग्रंथालयातली शांतता त्याला सहन होत नसे. भर तासाला दार उघडून विचारायचा, "काय बे नाकाडे, एखादं पुस्तक उठून पळालं का?" खो-खो हा त्याचा जीव. स्वतः खेळला, पोरापोरींना खेळवलं, आणि गुडघे बोलू लागल्यावर जिल्ह्यातल्या सामन्यांना नोंदी ठेवायला बसू लागला. गळ्यात स्टॉपवॉच, समोर नोंदपत्रक, कानावर पेन्सिल. कोणत्या नंबरचा गडी किती मिनिटं, किती सेकंद पळाला आणि कसा बाद झाला, हे तो इतक्या बारीक अक्षरात लिही की पंचांना चष्मा काढून कागद डोळ्याशी धरावा लागे. दोघंही एकाच वर्षी निवृत्त झालो. मला वाटलं, आता तरी हा शांत बसेल.

अमेरिकन फुटबॉल त्याच्या घरात आला तो नातीमुळे. मुलगा अमोल बरीच वर्षं तिकडे आहे. त्याची पंधरा वर्षांची मुलगी प्रज्ञा मागच्या उन्हाळ्यात तीन आठवडे पवनीला येऊन गेली. मराठी तिला समजते, बोलता येत नाही. आजोबा विचारायचे, "जेवलीस का?" ती म्हणायची, "हो." मग दोघंही पंख्याकडे बघत बसायचे. ती परत गेल्यावर व्हिडिओ कॉलवरही तेच, जेवलीस का आणि हो. एके दिवशी मेश्रामने तिला विचारलं की बाई, तू दिवसभर त्या फोनमध्ये पाहतेस तरी काय. तिने तिच्या शहराच्या संघाचा एक खेळाडू दाखवला. पोळा झाला, तिकडचा सीझन सुरू झाला, अमोलने टीव्हीवर सोय करून दिली, आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी, मेश्रामने मला सांगितला तसा सांगतो. चेंडू लंबुळका, डोक्यात हेल्मेट, आणि बरीचशी धक्काबुक्की. पण मैदानाच्या अगदी काठाला एक सडपातळ गडी एकटा उभा असतो. त्याला वाइड रिसीव्हर म्हणतात. खेळ सुरू झाला की तो सुसाट सुटतो, हुलकावण्या देतो, राखणदार त्याच्या पाठी लागतो, आणि लांबून फेकलेला चेंडू त्याने पळता पळता झेलायचा. प्रज्ञाचा लाडका खेळाडू हा असा रिसीव्हर होता. त्याचं नाव मेश्रामच्या तोंडात बसेना. खो-खोत गडी नंबरानेच ओळखायचा अशी सवय, म्हणून तो आमच्याकडे चौऱ्याऐंशी झाला. वहिनीसुद्धा विचारायच्या, "आज चौऱ्याऐंशी आहे का?"

तिथला रविवार म्हणजे आपली सोमवारची पहाट. मेश्राम पाचला उठून रात्रीच्या सामन्याचं रेकॉर्डिंग लावी. निकाल आधी सांगायचा नाही, अशी नातीला शपथ घातलेली. सात वाजता तिचा फोन. आणि सहा वाजता, माझी इच्छा असो-नसो, मी. का जात होतो, कुणास ठाऊक. मला त्या खेळातलं काही कळत नव्हतं आणि त्यालाही, माझं ठाम मत आहे, फारसं कळत नव्हतं. कारण तो चौऱ्याऐंशीच्या नोंदी ठेवत होता त्या शाळेतून उरलेल्या खो-खोच्या नोंदपत्रकांवर. चेंडू झेलला की नाही, किती अंतर कापलं, हे जे अख्खी अमेरिका मोजते त्याला त्या कागदावर रकानाच नव्हता. हा स्टॉपवॉच दाबायचा आणि चौऱ्याऐंशी किती सेकंद राखणदाराच्या हाती लागला नाही ते लिहायचा.

पहिल्याच सामन्यात चौऱ्याऐंशीने दोनदा चेंडू झेलून थेट शेवटची रेघ ओलांडली. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. मेश्राम थंड. "चेंडू तर कोणीही झेलते बे. पळाला कुठं? राखणदारच पडला त्याच्यासमोर." तिसऱ्या सामन्यात हातात आलेला चेंडू सुटला, संघ हरला, पोरगी फोनवर रडकुंडीला आली, आणि आजोबा तिला समजावतात की पळणं उत्तम होतं, हात काय, सुधारतील. पाचव्या सामन्यात तर कहर झाला. चौऱ्याऐंशीला एकही झेल मिळाला नाही. मेश्रामने त्या कागदाला त्या सीझनमधले सगळ्यात जास्त गुण दिले आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"आजोबा, झीरो कॅच. झीरो," प्रज्ञा फोनवर ओरडली.

"बेटा, दोघं लागले होते ना त्याच्या मागं. पूर्ण वेळ दोघं. तो दोघांले घेऊन फिरला, म्हणून तर दुसऱ्याले मैदान मोकळं भेटलं. जिंकले कोण?"

"वी वन. बट…"

"बट नाही. पाह्य पुन्हा."

तिने पुन्हा पाहिलं. पुढच्या सोमवारी तिने आपणहून सांगितलं की तिच्या वर्गातल्या पोरींना तिने हे समजावून दिलं आणि कोणालाच पटलं नाही. त्या दिवशी दोघं पाऊण तास बोलत होते. ती अर्धं इंग्रजीत, हा अर्धं झाडीबोलीत. मी समोर चहा घेऊन बसलो होतो, माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

हे सगळं मी कौतुकाने पाहिलं असतं. पण सीझनच्या दुसऱ्याच आठवड्यात मेश्राम आणखी नोंदपत्रकं आणायला म्हणून शाळेच्या पायऱ्या चढताना चक्कर येऊन बसला होता. नागपूरला दाखवलं. हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, ऑपरेशनने बरं होण्यासारखं आहे, पण फार थांबू नका. परत येताना उमरेडला गाडी थांबवून त्याने चहा घेतला. मग म्हणाला, "सीझन संपला की जातो." मला वाटलं, थट्टा करतोय. सीझन माघ उजाडेपर्यंत चालतो, हे मला नंतर कळलं.

मी काय काय केलं नाही! ग्रंथालयातून हृदयावरचं पुस्तक आणून खुणा घालून दिलं. त्याने ते टीव्हीखाली टेकण म्हणून लावलं. अमोलला फोन केला; अमोल तिकडून ओरडला, हा इकडून "हो हो" म्हणाला. वहिनी म्हणायच्या, "तुमीच सांगा भाऊजी, माह्यं ऐकत असते तर काय पाह्यजे होतं." मी सांगितलं की तो पुस्तकी बोलू नको म्हणायचा. भीती वाटते का, असं एकदा सरळ विचारलं. "भीती कायची? पण पोरगी सोमवारी फोन करते. मी त्या टेबलावर झोपून राहीन, मग ती कोणाशी बोलन? तुह्याशी?"

दिवाळीनंतर, धान कापणीला आलं तेव्हा, मला एक संधी मिळाली. चौऱ्याऐंशीच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि तो चार आठवडे बाहेर बसणार असं जाहीर झालं. मी त्याच दिवशी मेश्रामकडे गेलो. म्हणालो, आता तुझा गडीच बसला आहे, तूही उपचार घेऊन टाक, दोघं एकदमच बरे व्हाल. तो चक्क हो म्हणाला. तीन आठवड्यांनंतरच्या शनिवारची तारीख मिळाली. वहिनींनी पिशवी भरली. मी भाड्याची गाडी ठरवली. आयुष्यात मी कधी कुणाला काही पटवून दिलं नाही, हे एक दिलं म्हणून दोन दिवस मी हवेत होतो.

शनिवारी सकाळी गाडी घेऊन गेलो तर हा बनियनवर ओट्यावर बसलेला.

"चपला घाल," मी म्हणालो.

"चौऱ्याऐंशी उद्या उतरून राहिला. प्रज्ञाचा मेसेज आला. एक आठवडा आधीच."

"मग?"

"मग काय मग. गाडी वापस पाठव."

"मेश्राम, त्याची मांडी दुखते आहे. तुझं काळीज आहे ते."

"हाव ना बे, ते माहीत आहे. सीझन संपला की जातो."

गाडीवाला हसला. वहिनी आत गेल्या आणि पिशवीतून एकेक कपडा काढून पुन्हा कपाटात ठेवू लागल्या, तो आवाज मला बाहेर ऐकू येत होता. मी त्याला पुष्कळ बोललो. शाळेत तीस वर्षांत कुणाला बोललो नसेन असं. तो ऐकून घेत होता, हेच मला अधिक झोंबत होतं.

तरी सोमवारी गेलोच. चौऱ्याऐंशी उतरला होता आणि लंगडत होता, ते माझ्यासारख्यालाही दिसत होतं. शेवटच्या मिनिटाला त्याने एका पायावर उडी मारून चेंडू झेलला, संघ जिंकला, आणि तो तिथेच मांडी धरून पडला. मेश्राम खुर्चीतून उठून उभा राहिला, रागाने लाल. "गधा आहे याचा कोच! बरा न झालेला गडी कोणी उतरवते का? मी असतो तर बसवला असता. रडला असता तरी बसवला असता."

मी त्याच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. त्याला कळलं असणार, कारण त्याने नोंदपत्रक उलटलं आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं. टोक चांगलं होतं.

त्यानंतर दोन आठवडे मी गेलो नाही. आज त्या दोन सोमवारांचा मला जितका राग येतो तितका त्याचाही येत नाही. पुन्हा गेलो तेव्हा ऑपरेशनचा विषय मी काढला नाही, त्यानेही नाही. चौऱ्याऐंशी सावरला, संघ बाद फेरीत पोचला. मेश्राम आता मध्येच छातीवर हात ठेवी, मी पाहिलं की काढून घेई. आणि जानेवारीतल्या त्या सोमवारी, नेमका मला उठायला उशीर झाला होता, सामना अर्ध्यावर असताना तो गेला. चौऱ्याऐंशीचा संघ पुढच्याच आठवड्यात हरला. आठ दिवस! आठ दिवस थांबला असता तर याचा सीझन संपत होता आणि मला पुन्हा गाडी ठरवता आली असती… हे मी प्रज्ञाला फोनवर बोलून गेलो. मग तिने तिच्या मोडक्या मराठीत विचारलं, "आजोबा माझ्यासाठी हॉस्पिटल नाय गेले?" मी नाही म्हणालो. बाई, तो कोणाचंच ऐकत नव्हता, म्हणालो. हे खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही, आणि तिने ते मान्य केलं की नाही, कळायला मार्ग नाही.

त्याला जाऊन तीन आठवडे होत आले असतील, तेव्हा मला नागपूरहून फोन आला. एक मुलगी बोलत होती. यशवंत मेश्राम यांचे मोठे भाऊ का, तिने विचारलं. मी त्याच्याहून चार महिन्यांनी लहान आहे. तरी हो म्हणालो. ती म्हणाली, पेशंटने मागच्या महिन्यात स्वतः फोन करून ऑपरेशनची तारीख घेतली आहे, नातेवाईक म्हणून तुमचा नंबर दिला आहे, सोमवारी भरती व्हायचं आहे, येऊन राहिले ना?

त्याने तारीख घेतली होती. अंतिम सामन्यानंतरचा सोमवार सोडून पुढचा. वहिनींना सांगितलं नव्हतं, अमोलला नाही, मला तर नाहीच. मी त्याला इतकं बोललो, दोन आठवडे तोंड दाखवलं नाही, आणि हा मनुष्य पाच महिने अक्षरशः खरं बोलत होता. सीझन संपला की जाणार होता. इतका संताप मला त्याच्या जिवंतपणी कधी आला नव्हता.

"सर? येणार आहेत ना?"

"या तारखेला जमणार नाही," मी म्हणालो.

"मग रद्द करू, की पुढं ढकलू?"

पाच महिने मी या एकाच गोष्टीवरून त्याच्याशी भांडलो. रद्द करा, एवढंच म्हणायचं होतं. पुढे मेश्रामचं काय झालं ते तिला सांगायचं होतं, तिने 'सॉरी सर' म्हटलं असतं आणि ते संपलं असतं.

"पुढं ढकला," मी म्हणालो.

तिने पुढच्या महिन्यातली एक तारीख सांगितली. मी ती माझ्या कॅलेंडरवर लिहून घेतली, पुढे मेश्रामचं नाव, वेळ सकाळी आठ, उपाशीपोटी. ती जागा दुसऱ्या कोणा आजारी माणसाच्या कामी येईल, हे मला समजतं. मी इतकाही वेडा नाही. तिकडे फोन करून खरं काय ते सांगायला हवं, आणि सांगणार आहे. आज रविवार आहे, कोणी उचलणार नाही. उद्या करतो.