गुहेत मारलेली हाक

आमचे हे सुभेदार होऊन निवृत्त झाले. कडेगावात अजून लोक ह्यांना वाटेत थांबवून सलाम ठोकतात. नोकरीत असताना उत्तरेकडं ह्यांचा बंकर बर्फाखाली गाडला गेला होता, जोडीदारांनी खणून बाहेर काढलं. गावात ती गोष्ट मोठ्या कौतुकानं सांगतात. पण तेव्हापासून ह्या सुभेदारांना बंद जागेतला अंधार सोसत नाही, हे जगात फक्त मला माहीत. अंघोळ न्हाणीघराचं दार उघडं ठेवून. पाहुणे आले की मी बाहेर पहारा देते आणि "कडी मोडलीया" म्हणून सांगते. कित्येक वर्षं झाली, आमची कडी मोडलेलीच आहे.

तर ह्यांच्या पलटणीतल्या निवृत्त मंडळींनी टूम काढली, बायकांना घेऊन बोटीनं परदेश फिरायचा. आटपाडीचे, इस्लामपूरचे, आमच्याकडचे, अशी आठ-नऊ जोडपी. सगळे पुरुष पिकल्या मिशांचे आणि सगळ्या बायका साडीखाली पांढरे बूट घातलेल्या. बोटीवर आमची खोली बिनखिडकीची निघाली. ह्यांनी "वर वारं लय ग्वाड हाय" म्हणत डेकवरच्या खुर्चीतच मुक्काम ठोकला. मला वाटलं, चला, निभावलं.

कसलं निभावतंय! एका बंदरात बोट दिवसभर थांबणार होती, आणि तिथून बसनं जायचं ठिकाण निघालं गुहांचं उद्यान. बाहेर हिरवळ, कारंजी, आइस्क्रीमची गाडी, आणि पुढं डोंगराच्या पोटात शिरणारं काळं भोक. बघूनच मला घाम फुटला. ह्यांनी बुटाची लेस सोडली, बांधली, परत सोडली.

"माझा गुडघा धरलाय," मी मोठ्यानं कण्हले. "आमी दोघं हितंच बसतो."

इस्लामपूरचे भाऊजी म्हणजे ह्यांचे जिगरी दोस्त आणि आमच्या टोळीचा लाऊडस्पीकर. ते लगेच म्हणाले, "वहिनी, तुमी बसा की निवांत. सुभेदार येतील आमच्यासंगं. सुभेदाराबिगर पलटण जाती व्हय कुठं?"

ह्या माणसाच्या जिभेला हाड म्हणून नाही! माझा गुडघा तिथल्या तिथं बरा झाला. मी ह्यांचा हात घट्ट धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आवं, मला सोडू नगा. मला लय भ्या वाटतंय."

"अगं, मी हाय न्हवं," हे म्हणाले. हात मात्र गार पडला होता.

आत दिवे होते तोवर बरं चाललं. छतातून दगडाचे सुळे लोंबत होते, त्यांच्यावरून पाणी ठिबकत होतं. हे सगळ्यांना मोठमोठ्यानं माहिती सांगत होते, सगळी चुकीची. भ्याले की हे फार बोलतात.

मध्यावर गाइड पोरगी थांबली आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाली. भाऊजींनी आम्हाला मराठीत सांगितलं, "आता बत्ती घालवणार हाईत. खरा अंधार कसा असतो ते दावणार म्हणं."

"त्याला एवढ्या लांब कशाला यायचं?" मी ओरडले. "आमच्या कडेगावला रोज लाइट जाती की!"

सगळे हसले. तेवढ्यात बत्ती गेली, आणि ह्यांचा हात माझ्या हातातून सुटला.

मी चाचपडले. दगड लागला, कठडा लागला, कुणाची तरी पर्स लागली. "आवं!" मी हाक मारली.

"ओ!" सगळे नवरे एकदम बोलले.

आमच्याकडं आमच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. सगळ्यांचेच नवरे "आवं". मग बाकीच्या बायकांनाही जोर आला, त्यांनीही हाका मारल्या, आणि सगळे नवरे सगळ्यांना ओ द्यायला लागले. वरून गुहेत त्याचा घुमारा. नुसता बाजार उठला! पण त्या गलक्यात ह्यांचा आवाज नव्हता. इतका संसार केलाय, मला कळतं. 

मग म्हटलं, खड्ड्यात गेली लाज. मी ह्यांचं नाव घेतलं. नुसतं नाव, पुढं-मागं काही न लावता, बेंबीच्या देठापासून. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर हे आत्ताच.

गुहा चिडीचूप झाली. आणि कोपऱ्यातून परेडच्या हजेरीसारखा खणखणीत आवाज आला, "हाजिर, साब!"

हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. बत्ती आली तेव्हा हे भिंतीला पाठ लावून सावधानमध्ये उभे होते, चेहरा घामानं निथळत होता. मी पदरानं पुसला आणि म्हणाले, "शी, किती पाणी गळतंय वरनं!" सुटले बाई एकदाची. कुणाला काही कळलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये भाऊजींचं तेच चाललं होतं. "गड्या, काय चेष्टा केलीस! अंधारात सुचलं कसं तुला?"

शेंगदाणे मागावेत इतक्या सहज हे म्हणाले, "चेष्टा न्हवती रं. भ्यालो हुतो. बर्फात गाडलो गेलो तवापासनं अंधार सोसत न्हाई मला."

 मग भाऊजी खाकरले. "बत्ती गेली तवा मी बी डोळं गच्च मिटलं हुतं," ते म्हणाले. "अंधार दिसू नये म्हणून."

सगळे हसले, हे सुद्धा हसले. मला मात्र असा संताप आला! मी ह्यांच्या कानाशी तोंड नेलं. "इतकी वर्षं मी जिवाचं रान करून झाकलं, आणि तुमी भर बसमध्ये सांगून मोकळं?"

"मी कवा म्हणलो, झाक म्हणून?" हे म्हणाले. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते.

 मी खिडकीकडं तोंड फिरवलं. रडू फुटलं होतं, आणि ते ह्यांना दिसू द्यायचं नव्हतं.