केझाया आत्याची थाप

आमच्या खाडीत दार कुणी वाजवत नाही. कडी उचलायची, बूट झटकायचे आणि सरळ चुलीपाशी जाऊन बसायचं. वाजवतो तो परका, नाहीतर केझाया आत्या. म्हणून दारावर थाप पडली की आमच्याकडच्या बायकांच्या काळजात धस्स होतं, मग ती वाऱ्यानं का मारलेली असेना.

केझाया आत्या तशी कुणाची सख्खी आत्या नव्हती. न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर केस पिकले की बाई सगळ्यांची आत्या होते. तिचं काम बुडालेल्यांना अंघोळ घालायचं. समुद्र माणसाला कुठल्या रूपात परत देतो ते मी सांगत बसत नाही. धक्क्याजवळ मिठाची खोप होती, तिथं त्याला आणायचे. आत्या आपलं पांढरं इनॅमलचं तसराळं घेऊन जायची, त्याला धुवायची, केस विंचरायची आणि मग त्याच्या घरी जाऊन दार वाजवायची. तिनं दार वाजवेपर्यंत बोटींवरचा एकही पुरुष घरी जायचा नाही, सगळे खोपीतच थांबायचे. इतरांचे नवरे आले आणि आपला नाही, हे कुणा बाईनं खिडकीतून बघून ओळखायचं? शत्रूवरही अशी वेळ नको.

लग्न होऊन आले तेव्हा मी तिला तोंडावरच विचारलं होतं. माझी जीभ तेव्हाही अशीच होती.

"आत्या, सरळ आत यावं की! तुमच्या त्या थापेनंच माणूस अर्धा मरतो."

"एकदा गेले होते सरळ आत," ती म्हणाली. "बाईच्या हातात उकळती किटली होती. मी बोलले आणि तिच्या हातून ती सुटली. पायाशी तिचं रांगतं पोर होतं." तिनं एप्रनची गाठ घट्ट केली. "तेव्हापासून वाजवते. दार उघडलं की आधी म्हणते, हातातलं खाली ठेव, पोरी. मग काय ते सांगते."

सांगून झालं की ती त्या घरची चूल पेटवायची, चहा करायची, पोरांना जेवू घालायची आणि ती बाई झोपेपर्यंत तिथून हलायची नाही. प्रार्थनासभेत बाकीच्या बायका उठून साक्ष द्यायच्या, प्रभूनं माझ्यासाठी हे केलं, ते केलं. ही कधी उठायची नाही. एकदा पाद्रीबाबांनी आग्रहच धरला. "केझाया, तुझ्यासाठी प्रभूनं काय केलं?"

"मला कामाला लावलं," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "त्यानं जित्या माणसांचे पाय धुतले. माझ्या वाट्याला मेलेले आले. धुणं ते धुणंच."

पण उपकाराची जाण कुणाला असते? रस्त्यात ती दिसली की बायका पोरांना आत ओढायच्या. माझी शेजारीण सेलिना तर तिनं दिलेला पाव कोंबड्यांना घालायची. इतका चांगला पाव, मेली! आत्याचा एकुलता एक मुलगा लेम्युएल, सोन्यासारखा पोरगा, पण त्या घरात मुलगी द्यायला कुणी धजेना. तो आपला हसण्यावारी न्यायचा. "वैनी, सासूनं दार वाजवलं तर नवरी मागच्या दारानं पळून जाईल!"

त्या ऑगस्टमध्ये एका सकाळी सगळ्या बोटी मासेमारीला गेल्या. माझा नवरा गार्लंड गेला, सेलिनाचा नवरा गेला, लेम्युएलही गेला. दुपारपर्यंत असं धुकं उतरलं की कुंपणावर वाळत घातलेली चादर मला ओट्यावरून दिसेना. मग वारा सुटला, तरी धुकं हलेना. बोटींना किनारा कळावा म्हणून चर्चची घंटा वाजू लागली. ती वाजत राहिली आणि मी पीठ मळत राहिले. मळून झालेलं पीठ पुन्हा मळलं.

मग घंटा थांबली.

घंटा थांबली म्हणजे बोटी किनाऱ्याला लागल्या. मी बाहेर धावले. सेलिनाही कुंपणाशी आली होती.

"लागल्या वाटतं गं," ती म्हणाली.

"घंटा थांबलीय खरी."

"मग वर का येत नाहीत हे लोक?"

तिचं तिलाच कळलं. तोंडाला एप्रन लावून ती आत पळाली आणि तिच्या घराची कडी आतून लागल्याचा आवाज आला. आमच्या खाडीत आतून कडी लावलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

किटली हातात घेऊन मी बराच वेळ खिडकीत उभी राहिले. धुक्यातून आधी पांढरा एप्रन दिसला, मग तसराळं, मग आत्या. वाकून, हळूहळू चालत होती. वाटेतल्या एकेका घरावरून पुढे येत होती आणि ज्या घरावरून ती पुढे जाई तिथल्या बाईच्या जिवात जीव येत असणार. माझ्या फाटकाशी येऊन ती थांबली. फाटकावर हात ठेवला. मी हातातली किटली स्वतःच खाली ठेवली. देवा, गार्लंड नको, दुसरं कुणीही ने, असं मी म्हणाले. हो, म्हणाले.

ती दम खात होती. हात काढून ती पुढे गेली. मला आनंद झाला. मग सेलिनाच्या घरातून किंकाळी आली, "पुढे जा! पुढे जा!" आणि आत्या तिथूनही पुढे गेली.

सेलिना दार उघडून हसत रडत धावत आली. "वाचलो गं! म्हातारी आपल्या घरी चाललीय. कुणीच गेलं नाही!"

"मग पुरुष कुठे आहेत?" मी म्हणाले.

तिचं हसू तिथंच थिजलं. सेलिनाच्या पलीकडे एकच घर होतं. त्यात आत्या आणि लेम्युएल, दोघंच राहायची.

तेवढ्यात थाप ऐकू आली. आत्या स्वतःच्या दारावर थाप मारत होती. घरात कुणी नाही हे तिलाही माहीत होतं. थोडी थांबली, पुन्हा वाजवलं. प्रत्येक दारात उभी राहायची तशीच उभी होती, कुणीतरी उघडेल म्हणून.

मला ते बघवेना. मी परसातून धावले, मागच्या दारानं तिच्या घरात शिरले. चूल विझलेली होती, लेम्युएलचा कप टेबलावर तसाच होता. मी आतून जाऊन दार उघडलं.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही कोण जाणे. सगळ्यांना म्हणायची तेच म्हणाली.

"हातातलं खाली ठेव, पोरी."

माझे हात रिकामे होते. तसराळं तिनंच छातीशी घट्ट धरलं होतं. मी तिची बोटं एकेक करून सोडवली, ते खाली ठेवलं आणि तिला हाताला धरून तिच्याच चुलीपाशी नेऊन बसवलं.