हौसाबायनं बुजवलेलं भोक

हौसाबाय माझी थोरली जाऊ. तिचं नि माझं आयुष्यात एकदाच भांडण झालं, आणि ते माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून आजपर्यंत चालू आहे. मी सगुणा. दहावीपर्यंत शाळेत गेले, म्हणून लिहिताना नीट लिहिते. तोंड उघडलं की नाय-हाय सुरू होतं, त्याला इलाज नाही. तिच्याबद्दल लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही. तिच्याबद्दल चांगलं बोलायचं तर तिच्या तोंडावर जमत नाही, म्हणून कागदावर बोलते.

आमचा हमरापूरला गणपतीचा कारखाना आहे. माझा नवरा रघू साचे करतो आणि प्लास्टर ओततो, मी रंगाला बसते, हौसाबाय सफाईला. मूर्ती साच्यातून निघते तेव्हा काही देवासारखी दिसत नाही. साच्याचे दोन भाग जिथं मिळतात तिथं अंगभर जोडाची रेघ असते, ती खरवडून काढायची. ओतताना हवा अडकते, तिची बारीक भोकं राहतात, ती ओल्या प्लास्टरनं बुजवायची आणि वरून पॉलिश पेपर मारायचा. ही सफाई.

हौसाबाय सोळाव्या वर्षी ह्या घरात आली. माझे थोरले दीर पुंडलिक गेले तेव्हा ती तिशीची होती. लोक म्हणाले, आता माहेरी जाईल. ती दुसऱ्या महिन्यात सफाईच्या पाटावर येऊन बसली आणि अजून उठलेली नाही. मूर्तीवरून नुसता अंगठा फिरवून ती सुईच्या टोकाएवढं भोक शोधते. "भोक ठेवून देव बाहेर गेला तर लोक रघूला नाय, मला हसतील," असं तिचं म्हणणं. ही खोड घरातही. माझ्या भिंतीतला खिळा काढला की चहा पिता पिता ते भोक बुजवून मोकळी. मी एकदा म्हटलं, "बाय, माझ्या नाकाची भोकं तेवढी ठेव." दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. फार बरे गेले ते दोन दिवस.

२०१४ च्या डिसेंबरातली गोष्ट. एका रविवारी डॉक्टर बिल्किस आमच्या कारखान्यात आल्या. मूळच्या रोह्याच्या, मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात लहान पोरांच्या हृदयाची ऑपरेशनं करायच्या. आई खतीजाबी रोह्याला एकट्या, म्हणून रविवारी गाडीनं तिकडं जायच्या आणि येता-जाता खिडकीतून आमचे साचे वाळत घातलेले बघायच्या. त्यांच्या हातात डबा होता. डब्यात कापूस, आणि कापसात पेरूएवढं, दोन फाका केलेलं कडक प्लास्टिकचं काहीतरी.

"हे एका मुलीचं हृदय आहे," बाई म्हणाल्या. "म्हणजे तिच्या स्कॅनवरून मशीननं तयार केलेली नक्कल. कासू गावची आहे, पाच वर्षांची. नाव सांगत नाही, तो तिचा हक्क आहे. चार पावलं धावली की धाप लागते."

आत मधल्या पडद्याला करंगळी जाईल एवढं भोक होतं. बाईंचं दवाखान्यात संशोधन चाललं होतं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी त्याच पोराच्या हृदयाच्या नकलेवर कापून, शिवून हात बसवायचा. मग खरं हृदय थांबवून रक्त मशीनवर फिरवतात, तो वेळ कमी होतो का, आणि नंतर पोर श्वासाच्या मशीनवरून लवकर सुटतं का, ते मोजून बघायचं. अडचण एवढीच की हे प्लास्टिक कडक. त्यात सुई शिरत नाही. मऊ रबर दवाखान्यानं आणलं होतं, पण ते ओतायला इतका बारीक साचा कुणाला जमेना.

रघूनं वस्तू फिरवून बघितली आणि जमेल म्हणाला. त्याला सगळंच जमतं, बिल भरणं सोडून. हौसाबायनं नेहमीसारखा अंगठा फिरवला आणि विचारलं, "ह्या भोकाचं काय करायचं?"

"ते तसंच ठेवायचं," बाई म्हणाल्या. "तोच तर आजार आहे."

हौसाबायला ते जडच गेलं. भोक दिसतंय आणि हात लावायचा नाही, असं तिच्या जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. पण आठ दिवसांत तीन रबरी हृदयं तयार झाली. मोठं भोक तिनं सोडलं, बाकी अशी सफाई केली की डॉक्टरीणबाई बोट फिरवत राहिल्या. कडक नक्कल आणि तिन्ही रबरी हृदयं घेऊन त्या गेल्या. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात, बुधवारी होतं. हौसाबायनं देवापुढं रोज एक जास्तीची वात लावायला सुरुवात केली. कुणासाठी म्हणून विचारलं तर म्हणे, "कासूच्या पोरीसाठी. नाव ठाऊक नाय, पण देवाला ठाऊक असल."

बुधवारच्या आधीच्या रविवारी सकाळी आम्ही चहा घेत होतो आणि हौसाबाय रघूवर घसरली. "तुला ओतायला कधी येणार रे? तिन्ही काळजांना बुडबुडा, आणि तो पण एकाच जागी. मोठ्या भोकाच्या खाली, तिन्हीला. मी बुजवला म्हणून बरं."

नवऱ्याला मी बोलले तर चालतं, दुसऱ्या कुणी बोललेलं मला खपत नाही. मी म्हटलं, "बुडबुडा काय घर बांधून राहतो काय एका जागी? ह्या मूर्तीला इथं येईल, त्या मूर्तीला तिथं. इतकी वर्षं काय बघितलंस गो बाय?"

हौसाबायचा कप तसाच हातात राहिला. मग ती उठली, आत जाऊन साचा घेऊन आली आणि उजेडात उलटा केला. त्यात मोठ्या भोकाच्या जागी रबराची जाड खुंटी होती, ती असायलाच हवी. जिथं मूळ वस्तूला भोक, तिथं साच्याचं रबर शिरून खुंटी होते. त्या खुंटीच्या खाली आणखी एक होती, तांदळाच्या कणीएवढी, टोकाला फाटलेली, म्हणून ओतलेल्या हृदयात भोक आरपार न जाता बुडबुड्यासारखं दिसलं होतं. बुडबुड्याची साच्यात खूण राहत नाही. म्हणजे ते भोक रघूचं नव्हतं, पोरीचं होतं. आणि हौसाबायनं ते तिन्ही हृदयांवर बुजवून, घासून, सफाई करून डॉक्टरांच्या हातात दिलं होतं.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ही म्हण आमच्या गावात आम्ही हसत हसत बोलतो. त्या सकाळी कुणी हसलं नाही.

रघू म्हणाला, "डॉक्टरांकडं कडक नक्कल हाय, स्कॅन हाय. त्यांना ठाऊक असल की. आपण कशाला सांगायचं? उद्या म्हणतील हमरापूरवाल्यांनी घोळ केला, परत काम नाय देणार. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी हाय," हौसाबाय म्हणाली, "पण आत काळीज दुसऱ्याच्या पोरीचं हाय. सगुणा, ऊठ. रोह्याला जायचं."

मी म्हटलं फोन कर. तर म्हणे, असलं फोनवर सांगायचं नाय, साचा दाखवायला पाहिजे. रविवार होता, डॉक्टरीणबाई आईकडंच असणार, म्हणून आम्ही दोघींनी रोह्याची गाडी गाठली. साचा तिनं पदरात धरला होता. कासूला गाडी थांबली तेव्हा ती फलाटावर बघत राहिली. दोन-तीन पोरं खेळत होती. प्रत्येक पोरीकडं ही अशी बघत होती की मला तिच्याकडं बघवेना. खरं सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या जावेची दया आली. आणि थोडा अभिमानही वाटला, तो मी नागोठण्यापर्यंत दाबून ठेवला.

रोह्याला खतीजाबींनी दार उघडलं, पाणी दिलं. हौसाबाय बसली नाही. डॉक्टर बिल्किस बाहेर आल्या तशी तिनं साचा पुढं केला आणि सगळं एका दमात सांगितलं. ताकाला जाऊन भांडं लपवणारी बाई नव्हेच ती. शेवटी म्हणाली, "चूक माझी. रघूची नाय. भोक दिसलं, हात गेला."

बाईंनी ती कणीएवढी खुंटी बघितली. कॉम्प्युटर उघडला, स्कॅनची चित्रं पुढंमागं केली, आणि एका जागी थांबल्या. मग म्हणाल्या, "हा ठिपका आम्हाला दिसला होता. मुलगी स्कॅनच्या वेळी हलली, म्हणून मशीनचा दोष असेल असं आम्ही तिघा डॉक्टरांनी ठरवलं. मशीननं नक्कल करताना तो तसाच घेतला, आणि आम्ही पुन्हा बघितलंच नाही. तुमच्या रबरावरही ते भोक नव्हतं, तेव्हा खात्रीच झाली."

"म्हणजे माझ्यामुळं," हौसाबाय म्हणाली.

"तुम्ही बुजवलंत ते चुकलं. आम्ही पाहून न पाहिल्यासारखं केलं, ते जास्त चुकलं." बाई स्पष्ट बोलल्या, पण आवाज चढवला नाही. "ऑपरेशनमध्ये शेवटी तपासणी असते, तेव्हा कदाचित सापडलंही असतं. पण मग हृदय परत उघडा, परत मशीनवर घ्या. एवढ्या लहान पोरीला ते झेपलं असतं की नाही, मी सांगू शकत नाही."

खतीजाबींनी आमच्या हातात चहा दिला आणि हौसाबायच्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हा कुठं ती खाली बसली. मग रडली. मी इकडंतिकडं बघत बसले, कारण मलाही रडू येत होतं आणि तिला ते दिसायला नको होतं.

सोमवारी पोरीची सोनोग्राफी परत केली. दुसरं भोक होतं. ऑपरेशन आठ दिवस पुढं ढकललं. कडक नक्कल परत हमरापूरला आली, रघूनं ह्या वेळी खुंटी फाटणार नाही असा साचा केला, आणि आम्ही आणखी तीन हृदयं ओतली. सफाईच्या वेळी हौसाबाय मला म्हणाली, "माझ्या शेजारी बस. हात तिकडं गेला तर मार." मला असली परवानगी पुन्हा मिळायची नव्हती. दोनदा मारलं. एकदा खरंच गेला होता, एकदा मी जुनं उट्टं काढलं.

ऑपरेशनच्या दिवशी कारखान्यात कुणाचं कामात लक्ष नव्हतं. मी एका गणपतीचे डोळे आखायला घेतले आणि तसेच ठेवून दिले. दुपार टळून गेल्यावर फोन आला. दोन्ही भोकं बंद झाली होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला: पोर श्वासाच्या मशीनवरून सुटली, स्वतःचा श्वास घेते, आणि पाववडा मागते. हौसाबायनं फोन ठेवला आणि म्हणाली, "पाववडा नाय द्यायचा म्हणावं, तेलकट असतो."

पुढं पाच-सहा वर्षं आमच्याकडं अशी हृदयं येत राहिली, तीसेक झाली असतील. प्रत्येकाच्या साच्यातल्या खुंट्या हौसाबाय आधी मोजायची आणि डॉक्टरीणबाईंना सांगायची, मगच रबर ओतायला द्यायची. ती रीत दवाखान्यानंही उचलली. नंतर मऊ नक्कलच काढणारं मशीन आलं आणि आमचं काम थांबलं. हौसाबायला वाईट वाटलं का म्हणून विचारलं, तर म्हणे, पोरांचं काम लवकर होत असल तर बरंच हाय की.

पण सांगायचं ते त्या पहिल्या पोरीचं. होळीनंतर एक दिवस कासूच्या गिरजाबाई नातीला घेऊन कारखान्यात आल्या. डॉक्टरीणबाईंनीच पाठवलं होतं. पोरीचं नाव सरू. हौसाबाय तिच्याकडं बघत राहिली. गिरजाबाई मात्र बोलत होत्या. पोर वाचली हे खरं, पण छातीवर एवढा लांब वण, उद्या लग्नाच्या वेळी काय सांगायचं, काही मलम वगैरे लावून जाईल का. त्यांनी सरूच्या झग्याचं वरचं बटण काढून दाखवलं.

हौसाबायनं हात पदराला पुसले. मूर्तीवर फिरवते तसा अंगठा त्या वणावरून वरून खाली फिरवला. आयुष्यभर तिनं जोडाची रेघ दिसली की खरवडली आहे.

"ही रेघ राहू द्या," ती म्हणाली. "सफाई चांगली झालीय."

सरूला गुदगुल्या झाल्या. ती हसत सुटली आणि हात सोडवून वाळत ठेवलेल्या गणपतींच्या रांगेमधून पार दुसऱ्या टोकापर्यंत पळत गेली. "धावू नको गो," म्हणायला गिरजाबाईंनी पाच वर्षांच्या सवयीनं तोंड उघडलं, आणि काही न बोलता मिटलं.